शत्रूची खोली

मी त्या माणसाला पाडलं. ढकललं असं म्हणता आलं असतं, पण ढकलण्यात थोडा तरी विचार असतो. इथं मागून कोपराला कुणाचं तरी बोट लागलं आणि पुढच्या क्षणी तो फुटपाथवर बसलेला होता, एक पाय दुमडलेला, एक सरळ, खालच्या ओठातून रक्त, आणि चष्मा गटाराच्या जाळीपाशी. मी वळले कधी, हात उचलला कधी, काही आठवत नाही. तळहात झिणझिणत होता एवढं खरं. साठीचा असेल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ऑफिसं सुटायची वेळ, लोक थांबले. दोन बायका माझ्या बाजूनं उभ्या राहिल्यासुद्धा. "काय केलं हो यानं?" एकीनं विचारलं, आणि तो खालूनच मान वर करून, आपलंच उत्तर चुकलं असावं अशा आवाजात म्हणाला, "यांच्या पर्सची चेन उघडी होती हो. तेवढंच सांगायचं होतं."

उघडीच होती. आतली डबी दिसत होती, किल्ल्या दिसत होत्या. मी त्याला उठवलं, रुमाल दिला, शंभरदा माफी मागितली. चष्म्याची एक काच तडकली होती, दांडी वाकली होती. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, दोन चौक सोडून, तीन दिवसांनी या, नवा करून देतो, असं मी म्हणाले, आणि तो "नको नको, कशाला, असू द्या" असं म्हणत राहिला, पण चष्म्यासाठी हात मात्र पुढं करेना. शेवटी चष्मा माझ्याकडेच राहिला. घरी येईपर्यंत मी पर्सची चेन लावली नव्हती.

हे शुक्रवारी झालं. त्याच्या चार दिवस आधी, सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, मी अठ्ठावीस शहरं जाळली होती.

ऑफिसात मला शत्रू म्हणतात. रागानं नाही, सवयीनं. माझं पद 'वरिष्ठ अभ्यासक, प्रतिपक्ष' असं काहीतरी आहे, ते कुणाच्या जिभेवर बसत नाही. चौदा वर्षं झाली. "शत्रू आली का?" "शत्रूला विचारा, पंखा कमी केला तर चालेल का." आमच्या कामाचं वर्णन लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी 'सरकारी' म्हणते आणि विषय बदलते, पण ते फार अवघड नाही. देश एखादं नवं शस्त्र घेणार असला, कुठं सैन्य हलवणार असला, की आधी ते कागदावर खेळून बघायचं. एका खोलीत आपण. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत पलीकडचा देश, म्हणजे मी. त्यांनी काय केलं ते चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे येतं, मी माझं लिहून पाठवते. निळी चिठ्ठी प्रश्नाची, पांढरी चालीची. चिठ्ठ्या नेणाऱ्या आमच्या मावशी. चहाही त्याच आणतात, आणि शत्रूला चहा शेवटी, असा पहिल्या साहेबांच्या काळापासूनचा नियम, तो गार मिळतो. माझ्या खोलीत नकाशा उलटा टांगलाय: पलीकडचा देश खाली, पायाशी, घरासारखा, आणि आपला देश वर, डोक्यावर लोंबकळणारा. पहिल्या वर्षी मान दुखायची. आता घरी भूगोलाचं पुस्तक उघडलं की आपला देश मला खाली पडल्यासारखा वाटतो.

माझं नाव झालं ते प्रश्नांमुळे. पूर्वीच्या क्षेपणास्त्राला सरहद्दीपासून त्यांच्या राजधानीपर्यंत पोचायला सव्वीस मिनिटं लागायची, आणि आमचं घड्याळही सैल होतं, खेळातलं एक मिनिट म्हणजे आमचा अर्धा तास. मी निळ्या चिठ्ठ्यांचं पॅड संपवायची. खरंच उडालंय का? किती आहेत? तुमच्या राजदूताशी बोलता येईल का? तुमचा सेनापती आज कुठं आहे, लग्नाला गेलाय का? पलीकडच्या खोलीत गणिती बसतो, आपल्या बाजूची उत्तरं तो देतो. साहेब जेवढं सांगतील तेवढंच त्याला माहीत असतं, पण जे माहीत असतं ते खरं सांगतो. दुपारी आम्ही डबा एकत्र खातो. "बाई, तू शत्रू आहेस की प्रश्नपत्रिका?" तो म्हणायचा. साहेबांना माझं कौतुक होतं. शत्रू असावा तर असा, सांगून विचारून लढणारा.

नवं क्षेपणास्त्र सहा मिनिटांत पोचतं. ते बनवणारा इंजिनिअर आम्हाला समजवायला आला होता, हातभर लांबीचं लाकडी मॉडेल घेऊन, पोटाशी धरून, झोपलेलं मूल आणावं तसं. वीस मिनिटं वाचवलीत आम्ही, असं तो म्हणाला. वाचवलीत. कुणाची, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. एवढ्या वेगाच्या शस्त्रासाठी सैल घड्याळ चालणार नाही म्हणून पहिल्यांदाच भिंतीवर खरं घड्याळ लावलं. सोमवारी मावशी चिठ्ठी घेऊन आल्या. *तुमच्या रडारवर, समुद्राच्या बाजूला, एक ठिपका. वेग नव्या क्षेपणास्त्राचा. दिशा अजून स्पष्ट नाही.* ती आपली चाचणी होती, समुद्रात पडणारी. हे मला नंतर कळलं. मी पांढऱ्या चिठ्ठीवर लिहिलं: *आमच्याकडचं सगळं डागलं.*

चालीचे कारण (चार ओळींत):
*प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत सहा मिनिटं संपली असती, त्यामुळे*

इथपर्यंत लिहून मी खेळानंतर भरून द्यायचा तो फॉर्म पर्समध्ये ठेवला होता. त्याच पर्समध्ये, शुक्रवारी.

हे वाक्य माझं नाही, साहेबांचं आहे. बुधवारी त्यांनी बोलावलं. "बसा. चहा सांगतो, आज गरम." मग खुर्ची पुढं ओढून, डॉक्टर बोलतात तसं बोलायला लागले. "तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. मी वर हेच सांगितलं, आमची शत्रू चौदा वर्षांत प्रश्न विचारल्याशिवाय हललेली नाही. या वेळी हलली, म्हणजे विचारायची सोयच नव्हती. मावशींना तो पॅसेज पार करायला किती वेळ लागतो? मी स्वतः घड्याळ लावून बघितलं. अडीच मिनिटं! जाऊन येऊन पाच. गुडघे गेलेत त्यांचे. म्हणजे झालं काय, ही लढाई मावशींच्या गुडघ्यांनी पेटवली." ते हसले. मीही हसले, मला त्यांच्यासमोर हसायची सवय आहे. "पुढच्या मंगळवारी पुन्हा खेळू. तुमच्या टेबलावर फोन देतो. उचला आणि विचारा. तुम्ही थांबाल हे मला माहितीय. समोरचा थांबतो, एवढं एकदा कागदावर आलं, की ते नवं क्षेपणास्त्र सरहद्दीवर उभं राहायला मोकळं. वरचे तेवढ्यासाठीच अडलेत. तुम्ही फक्त मागच्या वेळचं कारण लिहून द्या. निरोपाला उशीर."

"आणि मावशी?"

"त्यांचं काय? फोन आला की त्यांना काम नाही. वय झालंय, घरी बसतील."

मी म्हणाले, "साहेब, पलीकडच्या खऱ्या राजधानीतही कुणीतरी मावशी असतीलच की. न उघडणारं दार असेल, किल्ली घेऊन जेवायला गेलेला कुणी असेल. सगळ्यांकडे फोन नसतो."

"मग घाबरून राहतील. तेच तर पाहिजे."

"घाबरलेला माणूस थांबतो?"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शत्रू आहात. आमच्या खोलीत येऊन आम्हालाच शहाणपण काय शिकवता?" हे विनोदानं. पण चष्मा त्यांनी परत घातला नाही, आणि बिनचष्म्याचे त्यांचे डोळे दमलेले, लहान, कुणाचेही असावेत तसे दिसत होते.

चालीचे कारण:
*मावशींचा गुडघा माझ्या डोक्यातही आला नाही.*
खोडलं.

कारण खरं हे आहे. चिठ्ठी आली, मी वाचली. दातांच्या मुळाशी गार वाटलं, बर्फाचं पाणी प्यावं तसं. निळ्या चिठ्ठ्यांचं पॅड डाव्या हाताशी होतं, मला त्याची कड दिसत होती. हात उजवीकडे गेला. मी लिहिलं, चिठ्ठी दुमडली, पेनाला टोपण लावलं. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते. नोंदीत चौथं मिनिट आहे, कारण मावशी चिठ्ठी घ्यायला आत आल्या तेव्हा चौथं मिनिट संपत आलं होतं. मधली तीन मिनिटं माझी होती, कुणालाही माहीत नसलेली. चिठ्ठी फाडता आली असती, दुसरी लिहिता आली असती, पॅसेजमध्ये जाऊन ओरडून विचारता आलं असतं. मी काय केलं? मी खुर्चीला पाठ टेकली. खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी पोट सैल झालं. मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, फार बरं. आणि ही भावना ओळखीची होती, हीच मी आधी कुठंतरी अनुभवली होती, कुठं, कुठं, हे शोधत मी तीन मिनिटं बसले, आणि ते आठवलं तेव्हा दार उघडलं.

बाबा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. बाहेर एक लाकडी बाक होता, त्याची एक फळी निघालेली, बसलं की चिमटा बसायचा. मी आणि ताई आळीपाळीनं. दारावर गोल काच. दार उघडलं की सगळे बाकावरचे उभे राहायचे, नर्स कुणाचं तरी नाव घ्यायची, बाकीचे बसायचे. दहाव्या दिवसापर्यंत मी त्या दाराच्या बिजागरीचा आवाज झोपेत ऐकायला लागले होते. अकराव्या दिवशी नर्स माझ्यासमोर आली, तोंडावरचा मास्क खाली केला, आणि मी मनात म्हणाले, सांग बाई, सांगून टाक एकदाचं. मी तयार होते. खांदे खाली आले होते. पोट सैल झालं होतं. मी रडायच्या आधीचा श्वाससुद्धा घेतला होता. ती म्हणाली, "आज खूप बरे आहेत. सकाळी दूध मागितलं." आणि मला राग आला. एक क्षणभर, पण इतका लख्ख राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही. कुणाचा आला, नर्सचा की त्यांचा, ते मी कधी तपासलं नाही. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. मी त्यांना जेवण वाढलं, नखं कापून दिली, पेपर वाचून दाखवला. ते म्हणायचे, "तू असलीस की मला भीती वाटत नाही बघ." मी त्यांच्या कानाच्या पाळीकडे बघून उत्तर द्यायची.

चालीचे कारण:
*वाट बघणं*
खोडलं. असल्या कारणाला सरकारी कागदावर जागा नसते.

तीन दिवसांनी, पुढच्या सोमवारी, तो माणूस दुकानात आला. मी मुद्दाम तिथं थांबले होते. नवरा एका बाईचे डोळे तपासत होता, तोंडासमोर भिंगं फिरवत, "हे नीट की ते नीट? आता? हे की ते?" आणि ती बाई प्रत्येक वेळी ताबडतोब सांगत होती, हे, ते, हे. नवरा मला नेहमी म्हणतो, लोकांना 'दोन्ही सारखंच दिसतंय' म्हणायची लाज वाटते, त्यामुळे नंबर चुकतात. "शत्रूपक्ष आज आमच्या छावणीत कसा?" तो मला म्हणाला, आणि त्या बाईनं दचकून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खोकलं. मोठ्यानं, दोनदा. मग तो आत आला. ओठाला बारीक खपली.

"मी हल्ली आधी खोकतो," तो हसत म्हणाला. "चूक माझीच होती हो. मागून यायला नको होतं. मिसेस पण हेच म्हणाली, हल्लीचे दिवस कसले, आणि तुम्ही बायकांना हात लावता."

"नाही हो," मी म्हणाले, "तुमची काही चूक नव्हती. मी आधी बघायला हवं होतं."

"बघायला वेळ कुठं असतो," तो म्हणाला, मला समजावत.

मी काउंटरवरून चष्मा पुढं केला. तो अर्धं पाऊल मागं सरकला. त्यानं ते केलं नाही, त्याच्या पायानं केलं. तो तर अजून हसतच होता. मग त्याच्या लक्षात आलं, माझ्याही आलं, आणि आम्ही दोघं त्या अर्ध्या पावलाकडे बघत उभे राहिलो. मी चष्मा काचेवर ठेवला, हात मागं घेतला. मग त्यानं उचलला. "छान दिसतंय," तो बाहेर बघत म्हणाला. जाताना "येऊ का?" असं त्यानं नवऱ्याला विचारलं, मला नाही. मला वाटलं होतं तो चिडेल, दोन शब्द बोलेल, मग माझं ओझं उतरेल. तो माझीच बाजू घेऊन निघून गेला, आणि आता या शहरात एक माणूस कुणाच्याही जवळ जायच्या आधी खोकतो.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, ती तीन मिनिटंसुद्धा. बाबांचं नाही सांगितलं. तो भिंग पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "मग उद्या परत डाग की. कागदच आहे. तू डागलंस तर ते क्षेपणास्त्र सरहद्दीवर जायचं थांबेल. थांबलीस तर जाईल. सोपंय."

"मुद्दाम डागलं तर ती चाल होत नाही. तो खोटेपणा."

"खरी अठ्ठावीस शहरं जळाली तरी चालेल, पण खोटेपणा नको?"

"शत्रूनं खोटं खेळायचं नाही. एवढंच आहे आमच्याकडे. मी आज सोयीसाठी डागलं, तर मागच्या चौदा वर्षांत मी जे जे थांबले, त्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

"मग थांब."

"थांबणारच आहे. फोन आहे. विचारीन. गणिती खरं सांगेल. मी थांबेन, आणि ते खरं असेल."

"आणि मग ते सरहद्दीवर जाईल."

"हो."

"आणि पलीकडे तुझ्यासारखी कुणी बसलेली असेल. तिच्याकडे गणिती नसेल."

त्यानं भिंग दिव्याकडे धरलं, एक डोळा मिटून बघितलं. "तुझ्या जागी मी असतो तर नोकरीच सोडली असती," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "म्हणजे तुझ्या जागी दुसरं कुणी बसलं असतं. तेही वाईटच."

चालीचे कारण:
*वेळ होता. विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मावशींना दोष देऊ नये.*

हे खोडलं नाही. मंगळवारी सकाळी लवकर गेले. पॅसेजमध्ये मावशी स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, नुसत्या. त्यांना बिनकामाचं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून वायरमन फोनची तार भिंतीला ठोकत येत होता, आणि मावशी त्याच्याकडे, आपल्या घरात आपल्या देखत कुणी सामान हलवावं तशा बघत होत्या.

"बाई, एक विचारू? माझ्यामुळे लढाई झाली म्हणतात ते खरं का?"

"नाही मावशी."

"सगळे हसतात. म्हणतात, मावशी, तुमच्या गुडघ्यानं जग बुडवलं. मीही हसते. पण घरी गेल्यावर मला जेवण जाईना. खेळातलं असलं म्हणून काय झालं."

"तुमचा काही संबंध नाही. चिठ्ठी माझी केव्हाच लिहून झाली होती. पहिल्याच मिनिटाला. मी तसं लिहून आणलंय, हे बघा."

त्यांनी कागदाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला माहितीय. मी दाराशीच होते. काचेतून बघत होते. तुम्ही मागं टेकून डोळे मिटले होते. इतक्या निवांत दिसत होतात! इतक्या वर्षांत तुम्हाला असं बघितलं नाही. म्हटलं, लागली असेल डुलकी. घरी कामं, इथं कामं. म्हटलं, बसू दे जरा बाईला. म्हणून मी दार वाजवलं नाही. तुम्ही हललात तेव्हा आत आले." त्यांनी पदर सारखा केला. "हे मी कुणाला सांगितलं नाही. गुडघ्यावर गेलं ते बरंच झालं."

म्हणजे ती तीन मिनिटं माझी एकटीची नव्हती. मी शहरं जाळून पाठ टेकली होती आणि काचेपलीकडून कुणीतरी मायेनं माझ्याकडे बघत होतं.

साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "हे नंतर बघू. आज थांबलात की हे वाचायची कुणाला गरज पडणार नाही. मावशींचंही बघू." पाठीवर थाप मारावी तसा त्यांनी हात उचलला आणि मारली नाही. "प्रश्न विचारा. भरपूर विचारा. आम्हाला आमची जुनी शत्रू परत पाहिजे."

खोली तीच. उलटा नकाशा, घड्याळ, निळं पॅड, पांढरं पॅड. टेबलावर फोन, राखाडी, कुणाचंही बोट अजून न लागलेला, तोंडाचा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलाच होता. मी पिशवी काढली. मी ठरवलं होतं ते मनात पुन्हा म्हटलं: विचारायचं, ऐकायचं, थांबायचं. नंतर जे होईल ते माझ्या खोलीतलं नाही. मला बरं वाटायला नको होतं, आणि तसं ते वाटत नव्हतं, पोट घट्ट होतं, दात गच्च होते, आणि हे चांगलं लक्षण आहे असं मी स्वतःला सांगत होते. दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. मावशींच्या हातून नाही, कुणाच्या ते दिसलं नाही.

*ठिपका. समुद्राच्या बाजूला. दिशा अस्पष्ट.*

घड्याळ सुरू झालं. मी फोन उचलला. उजव्या हातानं, म्हणजे पेन धरायचा हात अडकून राहील. पलीकडे लगेच उचलला.

"विचार," गणिती म्हणाला.

"तो ठिपका माझ्याकडे येतोय का?"

त्यानं आवंढा गिळला. तो नेहमी गिळतो, त्याला पित्त आहे, चौदा वर्षं मी त्याच्या डब्यातलं लोणचं खाते कारण त्याला चालत नाही. "नाही," तो म्हणाला. "चाचणी आहे. समुद्रात पडणार. तुझ्याकडे येत नाहीये."

एकोणीस सेकंद. सगळं मिळून एकोणीस सेकंद लागले. इतकं सोपं होतं. आता काही करायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं, पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. त्यानं खरं सांगितलं हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं. मी त्याला ओळखते, तो खोटं बोलला तर त्याचा आवाज एक पट्टी वर जातो, तो वर गेला नव्हता. त्याला जे माहीत आहे ते खरंच आहे. त्याला जे माहीत आहे ते. मी डोळे मिटले आणि त्याची खोली बघितली: तो फोन धरून, त्याच्यामागे साहेब उभे, त्यांच्या मागे तो इंजिनिअर, पोटाशी मॉडेल धरून, त्याच्या मागे वरचे, ज्यांना मी कधी बघितलं नाही, आणि त्यांच्या मागे अजून कुणी, एकामागे एक, पॅसेजभर, प्रत्येकानं पुढच्याला जेवढं सांगायचं तेवढं सांगितलेलं, आणि सगळ्यात पुढं हा माझा भला मित्र, खरं बोलणारा, म्हणूनच पुढं ठेवलेला. म्हणूनच पुढं ठेवलेला असेल तर? घड्याळात एक मिनिट झालं. तो खरं सांगतोय. पण येणारं येतच असेल, तर त्यालाही ते माझ्याबरोबरच कळेल. मी पुन्हा विचारू शकत होते. मी पुन्हा विचारलं.

"नक्की?"

"अगं, नक्की. मला तेवढंच सांगितलंय आणि ते खरंय."

तेवढंच सांगितलंय. एक मिनिट चाळीस. मी बसून राहिले. वाट बघणं म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. नुसतं बसायचं नसतं, प्रत्येक सेकंदाला नव्यानं त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो, आणि मागच्या सेकंदाचा विश्वास पुढच्याला कामी येत नाही. उजव्या हातात फोन होता. मी डाव्या हाताकडे बघितलं. डाव्या हातानं मला लिहिता येत नाही, अक्षर लहान मुलीसारखं, वेडंवाकडं येतं. पण वाचता येण्यासारखं येतं. मला ते दिसत होतं, अक्षर पुरं होताना, आणि मी मुद्दाम करतेय का, नवऱ्यानं सांगितलं त्यासाठी, सरहद्दीसाठी, मावशींसाठी, की भीतीनं, की नुसतं संपावं म्हणून, हे मी त्या हाताला विचारत होते आणि तो पांढऱ्या चिठ्ठीवर मागच्या खेळातलंच वाक्य लिहीत होता.

तीन मिनिटं पन्नास. पेन खाली ठेवलं. खांदे खाली आले.

"ऐकतेयस ना?" गणिती म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी बदललं होतं, त्याला माझा श्वास ऐकू येत असणार. "मी नाही म्हणालोय. येत नाहीये काही. थांबलीयस ना तू?"

नियमाप्रमाणे मला उत्तर द्यायचं नव्हतं. चाल चिठ्ठीवर.

"तू खरं सांगितलंस," मी म्हणाले. "मला माहितीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, तो उभा राहिला असावा. मागून साहेबांनी काहीतरी विचारलं, त्यानं त्यांना उत्तर दिलं नाही.

"मग?" तो म्हणाला.

घड्याळात अजून दीड मिनिट होतं. चिठ्ठी माझ्याच टेबलावर होती, दाराच्या फटीपासून चार पावलांवर. त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.